चार ३०९० साठी अल्युमिनियमची फ्रेम: २०-२० घेऊ की ४०-४०?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आपल्या बडोद्यातच वाघोडिया रोडला राहणाऱ्या एकानं विचारलंय. त्यानं चार आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं सेकंडहँड घेतल्यात, घरीच एआयचे मॉडेल ट्रेन करायचेत. क्रिप्टो मायनिंग करणाऱ्याकडून कार्डांसोबत पातळ पत्र्याची फ्रेम मिळाली, पण ती डुगडुगते, कार्डं शेपटाकडून खाली झुकतात आणि लोड दिला की तासा-दोन तासांत एखादं कार्ड सिस्टममधून गायब होतं, लॉगमध्ये एक्सआयडी ७९ हा एरर येतो. म्हणून आता अल्युमिनियमची दणकट फ्रेम करायचीय. त्याचं विचारणं असं, की २०-२० चं (२० बाय २० मिमीचं, खाचा असलेली दांडी) प्रोफाइल पुरेल की सरळ ४०-४० घ्यावं, वेल्डिंग करून घ्यावं का, आणि खिडक्या-स्लायडिंग बनवणाऱ्याकडून करून घेतलं तर चालेल का.

मी मकरपुरा जीआयडीसीत फॅब्रिकेशन करतो, मशीनचे गार्ड, कन्व्हेयरच्या फ्रेमा, टेस्ट बेंच असली कामं. मायनिंग जोरात होतं तेव्हा पोरं यायला लागली आणि रिगच्या फ्रेमा सुरू झाल्या, मग सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंगच बंद झालं, वर्षभर कोणी फिरकलं नाही, आणि आता तीच कार्डं घेऊन ट्रेनिंगवाले येतात. कार्डं तीच असली तरी काम वेगळंय, आणि निम्मी गडबड इथूनच सुरू होते. मायनिंगला प्रत्येक कार्डाला एकच लेन (डेटा जायची वाट) पुरायची, कार्ड मदरबोर्डला जोडणारा रायझर यूएसबीच्या वायरीसारखा असायचा, तो कसाही वाकवा, लोंबू द्या, चालून जायचं. तुम्हाला एक्स ८ किंवा एक्स १६ ची, म्हणजे आठ किंवा सोळा लेनची रुंद रायझर पट्टी लागणार, आणि तिला हलणं, पिळणं, ताण येणं अजिबात सहन होत नाही.

म्हणून आधी तुमचा प्रश्न जरा फिरवून मांडतो. 'फ्रेम वजन झेलेल का' हा प्रश्न नाहीये. वजन कुठलीही फ्रेम झेलते. खरा प्रश्न असा आहे की कार्ड आणि त्याच्या रायझरचा स्लॉट हे दोघं एकमेकांच्या मानानं हलतात का. कार्ड दोन किलोच्या आसपास, त्याचं ब्रॅकेट एका टोकाला स्क्रूनं धरलेलं, शेपूट हवेत, मग सगळा पीळ जातो त्या प्लास्टिकच्या स्लॉटवर. पंख्यांची थरथर चालू, कार्ड गरम होतंय थंड होतंय, आणि एका क्षणी संपर्क कमकुवत होतो. एक्सआयडी ७९ चा अर्थच 'कार्ड बसवरून पडलं', म्हणजे मदरबोर्डशी त्याचा संपर्क तुटला, असा आहे. आता हे फ्रेममुळेच होतंय असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही, पॉवर कमी पडली, केबल सैल असली, रायझरच खराब असला तरी हाच एरर येतो. म्हणून फ्रेमवर पैसे घालण्याआधी एवढं करा: एकच कार्ड सरळ मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये, रायझरशिवाय, आणि रात्रभर लोड. मग तेच कार्ड रायझरवर, शेपटाखाली पुस्तकांचा टेकू देऊन. मग टेकू काढून. बिघाड टेकू काढल्यावरच येत असेल तर फ्रेमच गुन्हेगार आहे. रायझरवर टेकू असतानाही येत असेल तर बायोसमध्ये जाऊन पीसीआयईची (कार्डाच्या स्लॉटची) स्पीड ऑटोवरून जेन ३ वर आणून बघा. जेन ४ मध्ये प्रत्येक लेनवर सिग्नल दुप्पट वेगानं जातो, साधे रायझर तिथे माती खातात, आणि जेन ३ वर ट्रेनिंगला बहुतेक कामात फारसं काही बिघडत नाही.

आता समजा फ्रेमच करायची. २०-२० की ४०-४०?

आकडा काढून बघू. ५६० मिमी लांबीच्या दोन आडव्या २०-२० रेलवर चारही कार्डं मिळून नऊ किलो ठेवली, तर माझ्या हिशोबानं रेल मधोमध अर्धा मिलिमीटरही वाकत नाही. म्हणजे वजनासाठी ४०-४० ची काहीच गरज नाही. हा हिशोब लांबीवर फार अवलंबून असतो हे मात्र लक्षात ठेवा, मधला गाळा दुप्पट झाला की वाक आठपट होतो, म्हणून कोणी आठ कार्डांसाठी सव्वा मीटरची एकच रेल टाकत असेल तर त्याला माझं उत्तर वेगळं असेल, मधे एक पाय दे किंवा उभं २०-४० घे. तुमच्या चार कार्डांना २०-२० पुरतं. मी स्वतः करतो तेव्हा तळाच्या दोन लांब पट्ट्या तेवढ्या २०-४० च्या घेतो, उभ्या ठेवून, कारण उचलताना सगळा जोर तिथे येतो. बाकी सगळं २०-२०.

मग फ्रेम डुगडुगते कशानं? जोडांनी. चार दांड्यांचा चौकोन कितीही जाड दांड्यांचा केला तरी कोपरे जर जरासे फिरत असतील तर तो कलतो, उत्तरायणातल्या पतंगासारखा तिरका होतो. मी वर्कशॉपमध्ये आलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट करून दाखवतो. २०-२० ची उघडी फ्रेम टेबलावर ठेवतो, वरच्या कोपऱ्याला एका बोटानं ढकलायला सांगतो, ती चार-पाच मिमी सहज कलते. मग मागच्या बाजूला दोन मिमीचा अल्युमिनियमचा पत्रा, अख्खा नाही, नुसता खालचा अर्धा भाग झाकेल एवढा, दहा बोल्टांनी मारतो आणि परत ढकलायला सांगतो. आता अंगठ्यानं जोर लावला तरी टेबलच सरकायला बघतं. प्रोफाइलवर जादा पैसे घालण्यापेक्षा तो पत्रा घ्या. पत्रा नको असेल तर कोपऱ्यांना त्रिकोणी गसेट प्लेटा मारा, मागे चार आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन. पण पत्र्यासारखं काही नाही, आणि त्यावर पॉवर सप्लाय, स्विच, केबलचे क्लॅम्प असं सगळं लावताही येतं.

अल्युमिनियम म्हणजे मजबूत हा एक गैरसमज आहे, तोही इथेच काढून टाकतो. त्याच मापाचं लोखंड अल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. वजनात मात्र अल्युमिनियम तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तुमच्या ओळखीत चांगला वेल्डर असेल तर पाऊण इंची एमएस (साध्या लोखंडाच्या) बॉक्स पाइपची फ्रेमही उत्तम होते, मी नाही म्हणणार नाही. मी प्रोफाइल सुचवतो ते दुसऱ्याच कारणासाठी, की त्यात खाच असते आणि कुठलीही रेल पाच मिमी वर, दहा मिमी मागे सरकवता येते. उद्या कार्ड बदललं, जाडी बदलली, रायझर बदलला, तर लोखंडाच्या फ्रेमला परत ड्रिल आणि परत रंग, इथे दोन बोल्ट सैल करा, सरकवा, आवळा.

वेल्डिंगचं म्हणाल तर अल्युमिनियम प्रोफाइलला नको. ही प्रोफाइल्स बहुतेक ६०६३ ग्रेडची असतात, टी५ किंवा टी६ असं हीट ट्रीटमेंट करून ताकद आणलेली. टिग वेल्डिंग केलं की जोडाच्या आसपासची ती ताकद निघून जाते, वरून तापून फ्रेम पिळते ते वेगळंच. बोल्टच मारा.

खिडक्यावाल्याचं विचारलंत. त्याच्याकडचे सेक्शन पातळ भिंतीचे, रिव्हेट किंवा सेल्फ स्क्रूनं जोडायचे. खिडकी भिंतीत फिक्स असते म्हणून तिथे ते चालतं, सुट्ट्या उभ्या फ्रेमला रिव्हेट वर्षभरात खुळखुळायला लागतात. पण त्याच्याकडे एक गोष्ट सोन्यासारखी असते, त्याचं कटिंग मशीन. कार्बाइड दातांचं, अल्युमिनियमसाठीचं ब्लेड लावलेलं. प्रोफाइल दुसरीकडून आणून कापायला त्याच्याकडे नेलंत तर अगदी योग्य. हॅकसॉनं घरी कापू नका. टोक अर्धा अंश जरी तिरकं गेलं तर बोल्ट आवळताना तो तिरकेपणा अख्ख्या फ्रेममध्ये उतरतो आणि मग तुम्ही दिवसभर शोधत बसता की एक पाय वर का राहतोय. मकरपुऱ्यात प्रोफाइलवाले डीलर आहेत, ते मापात कापून देतात, टोकांना आटेही पाडून देतात, तेच सगळ्यात सोपं. एकच सांगतो, एकसारख्या मापाचे सगळे तुकडे एकाच सेटिंगमध्ये कापायला सांगा. चार तुकडे आज, दोन उद्या असं नको. माप पाच मिमी चुकीचं असलं तरी चालेल पण सहाही तुकडे एकसारखे चुकीचे पाहिजेत.

मापं. हे परिस्थितीवर आहे, पण चार ३०९० ला मी साधारण बाहेरून लांबी ६००, खोली ४००, उंची ४५० मिमी धरतो. चार उभे तुकडे ४५० चे. लांबीकडचे तुकडे ५६० चे (दोन्हीकडच्या उभ्या दांड्यांचे वीस-वीस गेले), तळाला दोन (हे २०-४० चे), वर दोन, कार्डांसाठी तीन. खोलीकडचे ३६० चे सहा. बेरीज आठ मीटरच्या जरा आत येते, नऊ मीटर घ्या. २०-२० चं वजन मीटरला साधारण अर्धा किलो असतं, डीलर किलोनं विकत असेल तर हिशोब करता येईल, आणि हातात घेतल्यावर फारच हलकं वाटलं तर भिंत पातळ आहे, घेऊ नका.

कार्डांसाठी तीन रेल का, तर हाच या सगळ्याचा गाभा आहे. पहिली रेल ब्रॅकेटसाठी, जिथे कार्डाचा लोखंडी पट्टीवाला भाग स्क्रूनं बसतो. दुसरी रायझरच्या स्लॉटसाठी. तिसरी शेपटाखाली. कार्डाचं वजन पहिल्या आणि तिसऱ्या रेलवर पडलं पाहिजे आणि मधल्या रेलनं रायझरला फक्त जागेवर धरायचं, वजनाचा एक ग्रॅमही त्याच्यावर नको. तपासायची पद्धत सोपी आहे. कार्ड बसवा, ब्रॅकेटचा स्क्रू मारा, शेपटाखालची रेल वर आणून टेकवा, मग रायझरचे दोन्ही स्क्रू सैल करा. रायझर बोटानं किंचित इकडेतिकडे हलला पाहिजे. तो गच्च अडकलेला असेल तर कार्ड त्याच्यावर बसलंय, रेलवर नाही. रेल अर्धा-एक मिमी वर घ्या, परत बघा, मग रायझरचे स्क्रू आवळा. शेपटाखालच्या रेलवर रबराची पातळ पट्टी चिकटवा, सायकलच्या ट्यूबचा तुकडाही चालतो. ब्रॅकेट, स्लॉट आणि शेपूट यांच्यातल्या अंतरांचे आकडे मी मुद्दाम देत नाही, कारण प्रत्येक कंपनीचं कार्ड वेगळं, रायझरच्या पट्टीची उंची वेगळी. एक कार्ड आणि एक रायझर हातात घेऊन मोजा, आणि रायझर ज्या पट्टीवर बसणार त्या पट्टीत गोल भोकं न पाडता लांबट भोकं पाडा. ती लांबट भोकं तुम्हाला नंतर फार उपयोगी पडतील.

कार्डांमधलं अंतर. स्लॉटचा पिच, म्हणजे एका स्लॉटपासून पुढच्याचं अंतर, २०.३२ मिमी असतो, ३०९० तीन स्लॉटचं, म्हणजे ६१ मिमी जाड. मी मध्यापासून मध्य ८१.२८ ठेवतो, चार स्लॉट बरोबर. दोन कारणं आहेत. एक, ३०९० ला एनव्हीलिंक (दोन कार्डं थेट एकमेकांना जोडणं) चालतं आणि चार स्लॉटवाला ब्रिज याच अंतराला बसतो, आज नसेल तरी उद्या घ्याल, तेव्हा ब्रिज दोन मिमीनं हुकला तर बसत नाही आणि जोर लावून बसवायची ती वस्तू नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ३०९० ची २४ जीबी मेमरी २४ चिप्समध्ये आहे आणि त्यातल्या निम्म्या कार्डाच्या पाठीवर आहेत, बॅकप्लेटच्या खाली, पंख्यांच्या उलट बाजूला. त्या पाठीला हवा मिळाली नाही तर मेमरी ११० अंशाकडे जाते आणि कार्ड स्वतःच वेग कमी करतं. कोअरचं तापमान ६५ दिसत असतं, माणूस निवांत असतो, आणि ट्रेनिंग मात्र हळू झालेलं असतं. वीस मिमीची फट सोडून कार्डांच्या टोकाला तीन १२० चे पंखे लावा, हवा कार्डांच्या मधून लांबीच्या दिशेनं जाईल असे. १२० च्या पंख्याची भोकं १०५ मिमीवर असतात, पंखे ज्या दोन आडव्या रेलवर बसणार त्यांच्या खाचांमधलं अंतर तेवढं ठेवलंत तर पंखे थेट खाचेतच बसतात, वेगळी पट्टी लागत नाही.

उंचीत एक फसवी जागा आहे. खाली मदरबोर्ड, त्यावर टॉवर कूलर, तो १६० मिमी पर्यंत असू शकतो, आणि त्याच्या वर कार्डांची रेल. म्हणजे रेल बोर्डापासून १८०-१९० वर जाते, आणि टोकाच्या कार्डापर्यंत तिरकं अंतर धरलं तर ३० सेंमीचा रायझर ताणला जातो. ताणलेला रायझर म्हणजे परत तेच दुखणं. यावर दोनच उपाय, एक तर बुटका कूलर घ्या किंवा बोर्ड फ्रेमच्या मधोमध आणा म्हणजे दोन्हीकडची कार्डं सारख्या अंतरावर येतील. लांब रायझर हा मी उपाय धरत नाही.

जोडणी कशी करायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच हात घाई करतो. २०-२० च्या मधल्या भोकात एम५ चे आटे पडतात, भोक त्याच मापाचं असतं. डीलरनं पाडून दिले तर उत्तम, स्वतः पाडणार असाल तर टॅपला रॉकेल लावा, अल्युमिनियमला रॉकेलसारखं काही चालत नाही, अर्धा वळसा पुढे, पाव मागे, चुरा बाहेर काढत. कोरडा टॅप अल्युमिनियममध्ये चिकटतो आणि आत तुटला की तो तुकडाच फेकायचा. खाचेत घालायचे नट दोन प्रकारचे मिळतात, एक आधीच टोकातून सरकवायचे आणि एक वरून टाकून फिरवायचे. फिरवायचे सोयीचे असतात पण कधीकधी पूर्ण फिरत नाहीत, वरून घट्ट लागतं आणि आत नट एका कडेवर टेकलेला असतो. भार येणाऱ्या जोडांना सरकवायचेच नट वापरा, आणि प्रत्येक खाचेत दोन-दोन जादा टाकून ठेवा, कारण फ्रेम बंद झाल्यावर नट आत जात नाही आणि तेव्हाच आठवतं की पंख्याला अजून एक हवा होता.

सगळे बोल्ट आधी हातानं सैल ठेवा. फ्रेम एकदम सपाट जागी ठेवा, घरात असाल तर स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा सगळ्यात सपाट, घरच्यांना विचारून. मग कर्ण मोजा. ६०० बाय ४०० च्या चौकोनाचा कर्ण ७२१ मिमी येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे येणं महत्त्वाचं, एक मिमीच्या आत. जो लांब आहे त्याच्या दोन कोपऱ्यांना आत दाबा, परत मोजा, सारखे झाले की गुण्या लावून बघा आणि मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जा. एक कोपरा पूर्ण घट्ट, मग दुसरा, असं केलं की फ्रेम ओढली जाते. आणि अल्युमिनियमचे आटे आहेत, अॅलन कीला पाइप लावून जोर काढू नका, आटे गेले की गेले. आठवड्याभरानं, चार-पाच वेळा तापून थंड झाल्यावर, सगळे बोल्ट एकदा परत बघा, काही जरा सैल झालेले सापडतातच. कायमचे जोड झाल्यावर निळं थ्रेडलॉकर एक-एक थेंब, लाल नको, ते नंतर निघत नाही.

ड्रिलिंगबद्दल कळकळीनं सांगतो. बोर्ड किंवा कार्ड फ्रेमवर असताना एकही भोक पाडू नका, 'एकच तर आहे' म्हणूनसुद्धा नाही. सुरुवातीच्या काळात एका मुलाची फ्रेम पूर्ण तयार होती, चालू होती, आणि त्याला स्विच जरा इकडे हवा होता. मी वरून कापड टाकलं आणि एक भोक मारलं. अल्युमिनियमचा केसासारखा वळलेला एक चुरा कापडाखालून गेला आणि रायझरच्या स्लॉटमध्ये बसला, तो कोणालाच दिसला नाही. चालू केल्यावर बोर्ड गेला. त्या मुलानं पैसे जमवून घेतलेला बोर्ड होता. मी भरून दिला, पण त्याचे पंधरा दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे, भोकं, कानस, आटे, सगळं संपवून फ्रेम ब्लोअरनं साफ करायची, खाचा ब्रशनं काढायच्या, आणि मगच पहिला इलेक्ट्रॉनिक भाग तिच्याजवळ आणायचा.

अर्थिंग. हे बहुतेकांना माहीतच नसतं. अॅनोडाइज केलेलं अल्युमिनियम वरून वीज वाहून नेत नाही, तो थर इन्सुलेटर आहे. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रोफाइलच्या पृष्ठभागाला दोन्ही टोकं लावा, आवाज येत नाही. मग सुईनं दोन्हीकडे जरा खरवडा, लगेच बीप. म्हणजे तुमची फ्रेम अख्खी धातूची दिसली तरी तिचे तुकडे एकमेकांना विजेच्या दृष्टीनं जोडलेले असतीलच असं नाही, आणि कुठेतरी वायर सोलून लागली तर एकच दांडी जिवंत होऊन बसेल आणि ट्रिपही होणार नाही. म्हणून जोडाच्या जागी दातेरी वॉशर वापरा, ते थर फोडतात. आणि तळाच्या पट्टीवर एक जागा खरवडून, रिंग लग लावून, हिरवी वायर पॉवर सप्लायच्या बॉडीला नेऊन जोडा. मग परत मल्टिमीटर घेऊन प्रत्येक दांडी तपासा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि घरातल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का हे वायरमनला दाखवून घ्या, शहरातल्या जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

पॉवर हा तुमचा मूळ प्रश्न नाही पण फ्रेमशी संबंध आहे म्हणून थोडक्यात. चार कार्डं ३५० नं १४०० वॉट, वर सीपीयू आणि बाकी, म्हणजे १७०० च्या घरात, आणि ३०९० क्षणभर उसळी मारते ती वेगळी. दोन पॉवर सप्लाय लागतील, ते फ्रेमच्या अगदी तळाला ठेवा, वजन खाली राहतं. १६ अँपिअरच्या सॉकेटवर जाड वायरची वेगळी लाइन घ्या, साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर हे चालवू नका. आणि एनव्हिडिया-एसएमआय या कमांडनं प्रत्येक कार्डाला २८० वॉटची मर्यादा घालून बघा, वेग थोडाच कमी होतो, गरमी बरीच कमी होते. ही मर्यादा रीस्टार्टला निघून जाते, म्हणून स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाका. खोलीचा विचारही करा, हे म्हणजे मोठा रूम हीटर चोवीस तास चालू ठेवण्यासारखं आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं.

उघडी फ्रेम म्हणजे धूळ, आणि धुळीपेक्षा पाली. पावसाळ्यात गरम जागा शोधत येतात. एकाच्या घरी पाल पॉवर सप्लायच्या जाळीतून आत गेली होती, पुढचं सांगत नाही. बाजूंना मच्छरदाणीची स्टीलची जाळी नको, ती सुटून पडली तर शॉर्ट करेल, नायलॉनची जाळी खाचेत रबराच्या दोरीनं दाबून बसवा. उंदीर असतील तर जाळीनं भागणार नाही, वायरींना फ्लेक्सिबल पाइप घाला.

हँडलबद्दल एक गोष्ट सांगतो. २०२४ च्या ऑगस्ट अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते तुम्ही पाहिलं असेलच. माझ्या एका ओळखीच्यांची रिग तळमजल्यावरच्या खोलीत होती. लाइट गेलेली, पाणी उंबऱ्याशी, कार्डं काढायला वेळ नाही. दोन भावांनी तळाच्या २०-४० च्या पट्ट्यांना लावलेली हँडलं धरली आणि अंधारात जिन्यानं वर नेली, मोबाइलच्या टॉर्चवर, वळणावर एकदा कठड्याला आपटलीसुद्धा. दोन दिवसांनी चालू केली तर चारही कार्डं दिसली. वरच्या रेलला धरून उचलली असती तर जोड निघाले असते. म्हणून हँडल तळालाच, दोन्ही बाजूंना, आणि आतून प्लेट घालून चार-चार बोल्टांनी. एरवी मात्र हलवताना कार्डं काढूनच हलवा, रिक्षात तर नक्कीच. आणि तळमजल्यावर राहत असाल तर रिग जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा.

बोर्डाखाली तीन मिमीची बेकलाइटची शीट घ्या किंवा अल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही चालतं, फक्त पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांनाच येतील हे बघा, एखादा जादा राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकतो.

तर तुमच्यासाठी माझं मत: २०-२०, तळाला २०-४०, मागे दोन मिमीचा अर्धा पत्रा, तीन रेल, ८१.२८ चं अंतर, वेल्डिंग नाही. ४०-४० वर जाणारे पैसे चांगल्या रायझरवर घाला. पण कापायला टाकण्याआधी मला तीन मापं कळवा: रायझरची लांबी, बोर्डापासून कूलरच्या टोकापर्यंतची उंची, आणि कार्डाच्या ब्रॅकेटपासून शेपटापर्यंतची लांबी, स्टीलच्या पट्टीनं मोजलेली, वेबसाइटवरची नको. त्यावरून मधल्या रेलची उंची आणि कापायची यादी लिहून देतो.